मुंबईत दोन-तीन रात्रींसाठी परवडणारी खोली कशी निवडावी

आमचं बिऱ्हाड दादरला. सोलापूर-बार्शीकडचं कुणीही मुंबईला निघालं की आधी मला फोन येतो, "अगं, एखादं बरं लॉज बघून ठेव. दोनच रात्री काढायच्यात. स्टेशनजवळ असू दे आणि फार महाग नको." आमचं घर दोन खोल्यांचं आणि त्यात माणसं पाच. सगळ्यांना घरी उतरवून घेता येत नाही याचं वाईट वाटतं, म्हणून निदान खोली तरी मनापासून शोधून द्यायची असं मी ठरवलं आहे. या निमित्ताने फोर्टपासून शीवपर्यंतच्या कितीतरी लॉजचे जिने मी चढले-उतरले आहे.

पहिल्या वेळी मात्र मोठी चूक झाली. मामांना टाटा हॉस्पिटलात दाखवायचं होतं. मी अ‍ॅपवर सगळ्यात स्वस्त खोली बघितली आणि पैसे भरून मोकळी झाले. पत्त्यात 'मुंबई' लिहिलं होतं, पण ती खोली निघाली खाडीपलीकडे, स्टेशनपासून रिक्षाने वीस मिनिटांवर. सकाळी परळला वेळेत पोचायचं म्हणून मामा-मामी अंधारातच निघाले. लोकलच्या गर्दीत मामांना धड उभंही राहता येईना. दुसऱ्या दिवशी त्यांनी टॅक्सी केली आणि खोलीत वाचलेले पैसे त्यात गेले. आजारी माणसाची जी दमणूक झाली ती वेगळीच. तेव्हापासून मी भाडं सगळ्यात शेवटी बघते. आधी काय बघते ते क्रमाने सांगते.

१. कामाची जागा नकाशावर ठेवा, मग तिची रेल्वे लाइन शोधा

पुणे-नाशिकला 'गावात' म्हटलं की कुठे ते कळतं. मुंबईत तसं कळत नाही. हे शहर दक्षिणोत्तर लांबच लांब पसरलेलं आहे, आणि ज्याला जुने लोक 'शहर' म्हणतात तो फोर्ट-चर्चगेटचा भाग अगदी दक्षिण टोकाला आहे. तेव्हा मध्यवर्ती हॉटेल म्हणजे तुमच्या कामाला मध्यवर्ती, इतकाच त्याचा अर्थ घ्या.

मंत्रालय, उच्च न्यायालय, विधानभवन किंवा फोर्टमधल्या बँकांच्या मुख्य कचेऱ्या असं काम असेल तर राहायला फोर्ट, सीएसएमटी (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस), क्रॉफर्ड मार्केट, काळबादेवी, गिरगाव, ग्रँट रोड हा पट्टा बघा. टाटा, केईएम, वाडिया या रुग्णालयांसाठी परळ, दादर पूर्व, हिंदमाता हे भाग बघा. बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात, व्हिसाची मुलाखत असेल तर बीकेसीत राहायच्या भानगडीत पडू नका, तिथले दर आपल्या आवाक्यातले नाहीत. दादर, शीव, कुर्ला किंवा वांद्रे पूर्वेला राहा आणि सकाळी तिथून जा.

कामं दोन ठिकाणी असतील तर मी डोळे झाकून दादर सुचवते. मी तिथे राहते म्हणून नाही. मध्य आणि पश्चिम या दोन्ही रेल्वे एकत्र भेटतात असं दादर हे मोठं स्टेशन आहे. इथून सीएसएमटी, चर्चगेट, ठाणे, अंधेरी सगळीकडे थेट गाडी मिळते आणि बाहेरगावच्या बऱ्याच गाड्याही इथे थांबतात. पूर्वी दोन्ही रेल्वेंचे फलाट वेगवेगळ्या क्रमांकांचे होते आणि नवख्या माणसाची हमखास गडबड व्हायची. डिसेंबर २०२३पासून ते १ ते १४ असे सलग केले आहेत. १ ते ७ पश्चिम रेल्वेचे, ८ ते १४ मध्य रेल्वेचे.

आता मेट्रोचाही विचार करा. आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो, म्हणजे ३ क्रमांकाची अ‍ॅक्वा लाइन, ऑक्टोबर २०२५मध्ये पूर्ण सुरू झाली. साडेतेहतीस किलोमीटरवर २७ स्थानकं आहेत आणि भाडं १० ते ७० रुपये. विमानतळाची दोन्ही टर्मिनलं, बीकेसी, दादर, सिद्धिविनायक, मुंबई सेंट्रल, ग्रँट रोड, गिरगाव, काळबादेवी, सीएसएमटी, हुतात्मा चौक, चर्चगेट, विधानभवन ही सगळी तिच्यावर आहेत. पूर्वी ग्रँट रोडला राहणाऱ्याला बीकेसी लांब वाटायचं. आता सामान नसलेल्या माणसाला ते सोपं झालं आहे. म्हणून खोली शोधताना लोकल स्टेशनाबरोबर मेट्रो स्थानकापासूनचं अंतरही बघा.

२. नावांच्या घोटाळ्यात अडकू नका

नवख्यांची सगळ्यात जास्त फसगत नावांमुळे होते, म्हणून इथे जरा थांबते.

मुंबई सेंट्रल हे स्टेशन मध्य रेल्वेवर नाही, पश्चिम रेल्वेवर आहे. सोलापूर, कोल्हापूर, नागपूर, लातूरकडच्या गाड्या सीएसएमटीला येतात. 'सेंट्रल' वाचून मुंबई सेंट्रलजवळ खोली घेतली आणि मग पहाटे सीएसएमटीला उतरून टॅक्सी शोधत बसले, असे पाहुणे मी बघितले आहेत. लोकमान्य टिळक टर्मिनस कुर्ल्याला आहे, वांद्रे टर्मिनस हे वांद्र्याच्या लोकल स्टेशनापासून निराळं आहे. गाडी कुठे येते आणि परतीची कुठून सुटते, ही दोन्ही नावं तिकिटावरून आधी लिहून काढा.

त्यानंतर पूर्व-पश्चिम. 'स्टेशनपासून पाच मिनिटं' असं लिहिलेलं असतं, पण कुठल्या बाजूने ते लिहिलेलं नसतं. रुळांच्या पलीकडे जायला पूल कुठे आहे यावर सगळं अवलंबून असतं. परळचंच घ्या. प्रभादेवी आणि परळ जोडणारा जुना एल्फिन्स्टनचा पूल सप्टेंबर २०२५मध्ये पाडकामासाठी बंद झाला. नकाशात टाटा हॉस्पिटल प्रभादेवीच्या हॉटेलपासून हाकेच्या अंतरावर दिसतं, पण टॅक्सीला मोठा वळसा पडतो. रुग्णासाठी खोली घेत असाल तर रुग्णालयाच्याच बाजूची, म्हणजे पूर्वेची घ्या.

तिसरी गोष्ट, 'विमानतळाजवळ'. सांताक्रूझ-विलेपार्ल्याकडे टर्मिनल १ आहे, अंधेरी-सहारकडे टर्मिनल २, आणि आता नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला आहे. तिन्ही ठिकाणं एकमेकांपासून लांब आहेत, त्यामुळे तिकीट बघितल्याशिवाय खोली ठरवू नका. अ‍ॅपवर 'मुंबई' टाकलं की मिरा रोड, वसई, वाशी, पनवेल सगळं एकत्र येतं, म्हणून शहराचं नाव न टाकता कामाच्या जागेचं नाव टाकून शोधा.

३. पूर्ण दिवसाचा खर्च मांडा

कागद घ्या. समजा वसईला खोली १,५०० रुपयांना मिळते आणि ग्रँट रोडला २,३००ला. फरक दिसतो ८०० रुपयांचा. आता वसईहून चर्चगेटला फास्ट लोकलनेही एका बाजूला तासाहून जास्त वेळ लागतो. त्यात स्टेशनपर्यंतची रिक्षा, गर्दी सोसवत नाही म्हणून घेतलेलं फर्स्ट क्लास किंवा एसी लोकलचं तिकीट, दुपारी खोलीवर जाता येत नाही म्हणून बाहेर काढलेला वेळ आणि चहा-नाश्ता, हे दोन माणसांचं मिळून लिहा. बहुतेक वेळा फरक निम्म्याहून खाली येतो. बरोबर वयस्कर माणूस किंवा लहान मूल असेल तर तो उरतही नाही. एकटा तरुण मुलगा परीक्षेला आला असेल आणि केंद्र उपनगरात असेल, तर मात्र उपनगरातच राहावं. उगाच दक्षिणेला यायचं कारण नाही.

वाहनांचे दरही हिशोबात धरा. १ फेब्रुवारी २०२५पासून काळी-पिवळी टॅक्सी किमान ३१ रुपये आणि रिक्षा किमान २६ रुपये आहे, मध्यरात्री बारा ते पहाटे पाच जादा भाडं लागतं. आणि रिक्षा शीव-माहीमच्या दक्षिणेला येतच नाहीत. दादर, परळ, फोर्टात रस्त्याने जायला टॅक्सी नाहीतर बेस्टची बस, एवढेच पर्याय आहेत. बसचं किमान भाडं १० रुपये, एसीचं १२.

भाड्यावर कर किती, हेही विचारून घ्या. २२ सप्टेंबर २०२५पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के आहे, आधी तो १२ टक्के होता. म्हणजे २,००० रुपयांच्या खोलीचे २,१०० व्हायला हवेत. कुणी सवयीने जुना दर लावला तर शांतपणे दाखवून द्या. आणि ज्या लहान लॉजकडे जीएसटी क्रमांकच नाही, त्यांना हा कर घेताच येत नाही. बिलावर क्रमांक छापलेला आहे का ते बघा.

४. चेक-आउट बाराचा की चोवीस तासांचा

माझ्या मते स्वस्तात राहणाऱ्यासाठी हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि हाच विचारायचा राहून जातो.

आपल्या गावांकडच्या रात्रीच्या गाड्या सकाळी लवकर मुंबईत येतात. सिद्धेश्वर, महालक्ष्मी, विदर्भ, देवगिरी यांनी येणारा माणूस सकाळीच स्टेशनबाहेर उभा असतो. बऱ्याच हॉटेलांत चेक-इन दुपारी बाराला किंवा दोनला आणि चेक-आउट सकाळी दहा-अकराला. मग सकाळी सातला पोचलेल्या माणसाला एकतर आदल्या रात्रीचं भाडं द्यावं लागतं, नाहीतर बॅगा घेऊन दुपारपर्यंत ताटकळावं लागतं. अंघोळ न करता, रात्रभर जागलेल्या चेहऱ्याने मुलाखतीला जाणं किती जड जातं ते ज्याचं त्याला ठाऊक.

मुंबईतल्या जुन्या लॉजमध्ये अजून चोवीस तासांचा हिशोब चालतो. सकाळी सातला खोली घेतली तर दुसऱ्या दिवशी सकाळी सातपर्यंत ती तुमची. रात्रीच्या गाडीने येणाऱ्यासाठी यापेक्षा सोयीचं काही नाही. फोन करून मराठीत स्पष्ट विचारा, "चेक-आउट बाराचा की चोवीस तासांचा?" मॅनेजरला लगेच कळतं. चोवीस तासांचं मिळालं नाही, तर दुसरा प्रश्न, "सकाळी सातला आलो तर किती जादा घ्याल? आणि खोली रिकामी नसली तर बॅगा ठेवून अंघोळीची सोय कराल का?" जे उत्तर मिळेल ते व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून मागा. काउंटरवरचा माणूस पाळीनुसार बदलतो, लिहिलेलं राहतं.

फक्त एका दिवसाचं काम असेल तर खोली घेण्याआधी स्टेशनावरच्या रिटायरिंग रूमचा विचार करा. कन्फर्म किंवा आरएसी तिकिटाचा पीएनआर घालून आयआरसीटीसीच्या साइटवर ती बुक होते, रात्रीची पूर्ण खोली न घेता काही तासांसाठीही मिळते. मंत्रालयात सर्वसामान्य अभ्यागतांना दुपारी आत सोडतात. म्हणजे सकाळी सीएसएमटीला उतरून बारा तासांची रिटायरिंग रूम, अंघोळ, थोडी झोप, दुपारी मंत्रालय आणि रात्रीची परतीची गाडी असं नीट बसतं. ती लवकर भरते, म्हणून तिकीट काढलं की लगेच बघा. मुंबई सेंट्रलला नोव्हेंबर २०२१पासून पॉड हॉटेलही आहे. एका माणसाला झोपण्यापुरता बंदिस्त कप्पा, एसी, चार्जिंग. एकट्या माणसाला एक रात्र ठीक आहे, पण गुडघेदुखीवाल्यांनी किंवा बंद जागेत घुसमटणाऱ्यांनी घेऊ नये.

५. राहण्याचे प्रकार समजून घ्या

लॉज, गेस्ट हाऊस, हॉटेल या पाट्यांमध्ये फार फरक मानू नका. बघायचं ते एवढंच, की संडास-बाथरूम खोलीत आहे की कॉमन, आणि खोलीला खिडकी आहे का.

फोर्ट, क्रॉफर्ड मार्केट, काळबादेवीच्या जुन्या इमारतींत एकेका मजल्यावर लॉज असतात. छत उंच, जिना लाकडी, आणि मोठ्या दालनात फळ्यांचे आडोसे घालून केलेल्या लहान लहान खोल्या. काही फार नीटनेटक्या ठेवलेल्या असतात, त्यामुळे इमारत जुनी म्हणून लगेच नाही म्हणू नका. याच भागात क्रॉफर्ड मार्केटसमोर सरदारगृह आहे. लोकमान्य टिळक मुंबईत आले की तिथे उतरायचे, आणि १ ऑगस्ट १९२० रोजी तिथल्याच खोलीत त्यांचं निधन झालं. कामानिमित्त मुंबईत आलेल्या माणसाला भाड्याची खोली देणं ही या भागाची कितीतरी जुनी रीत आहे. तिथून जाताना मी पाहुण्यांना ती इमारत आवर्जून दाखवते.

डॉर्मिटरी म्हणजे एका खोलीत सहा-आठ पलंग. कुलाबा, फोर्ट, अंधेरीकडे हल्ली तरुणांसाठी चांगल्या डॉर्म निघाल्या आहेत, मुलींसाठी वेगळी खोलीही असते. पलंगाला पडदा, स्वतःचं लॉकर आणि रात्रभर माणूस असलेला काउंटर, या तीन गोष्टी असतील तरच घ्या. कुलूप स्वतःचं न्या. एकट्या मुलींसाठी मादाम कामा रोडवरचं वायडब्ल्यूसीए या संस्थेचं अतिथिगृह विचारून ठेवा. मंत्रालय-चर्चगेटच्या कामांना ती जागा फार सोयीची आहे. कुलाबा आणि मुंबई सेंट्रलला वायएमसीए आहे.

रुग्णाला घेऊन येणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की लॉज ही शेवटची पायरी ठेवा. दादरला संत गाडगे महाराजांच्या मिशनची धर्मशाळा आहे, परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आहे. दोन्ही ठिकाणी बाहेरगावच्या रुग्णांची आणि नातेवाइकांची अगदी कमी पैशात सोय होते. जागा मर्यादित, मागणी अफाट, आणि रुग्णालयाची कागदपत्रं लागतात. म्हणून हॉस्पिटलात केस पेपर निघाला की तिथल्या समाजसेवा विभागात जाऊन आधी हीच चौकशी करा. पहिल्या दोन रात्री लॉज घ्यावा लागला तरी चालेल, उपचार महिनोन्‌महिने चालणार असतात आणि पैसे त्यासाठी उरायला हवेत.

ज्ञातिसंस्थांची अतिथिगृहं आणि सी. पी. टँक-भुलेश्वरकडच्या धर्मशाळाही आहेत. नियम कडक असतात, रात्री दार लवकर बंद होतं, काही ठिकाणी ओळखपत्र किंवा शिफारस लागते. तुमच्या गावातल्या जाणत्या माणसाला विचारा, त्यांना माहीत असतं.

६. फोटो कमी बघा, अभिप्राय नीट वाचा

फोटो नेहमी सगळ्यात चांगल्या खोलीचे असतात. मी अभिप्राय 'नवीन आधी' असे लावते आणि शेवटच्या तीन-चार महिन्यांचे वाचते. आधी एक आणि दोन तारेवाले. 'खोली लहान होती' या तक्रारीकडे मी लक्ष देत नाही, मुंबईत खोली लहानच असते. पण ढेकूण, ओल, सांडपाण्याचा वास, बुकिंग असून खोली दिली नाही, रात्री जादा पैसे मागितले, यातलं एकही दोनदा दिसलं तर ते लॉज सोडून देते. एकट्या बाईसाठी बघत असेन तर बायकांनी लिहिलेलं शोधते. कुटुंबं उतरतात असं दिसलं की बरं वाटतं.

मग फोन. अ‍ॅपवर बघितलं तरी एकदा थेट फोन करावा. दोन-तीन रात्री राहणार म्हटल्यावर पुष्कळदा भाव थोडा खाली येतो. एवढं विचारा: खोलीला बाहेर उघडणारी खिडकी आहे का? लिफ्ट आहे का, आणि ती तळमजल्यापासून आहे का? गरम पाणी दिवसभर की ठरावीक वेळी? तिसऱ्या माणसाच्या गादीचे किती? रात्री किती वाजता दार बंद होतं? शेवटचा प्रश्न उशिराच्या गाडीने येणाऱ्यांनी विसरू नये. गाडी घेऊन येणाऱ्यांनी पार्किंगचं विचारावं, जुन्या लॉजकडे ते नसतं.

पैसे पाठवताना सावध राहा. हॉटेलच्या नावाने खोटे नंबर आणि खोट्या साइट्स टाकून आगाऊ पैसे उकळणारे आहेत. नकाशावरचा, अ‍ॅपवरचा आणि हॉटेलच्या स्वतःच्या साइटवरचा नंबर जुळतो का ते बघा. भलत्याच नावाच्या खात्यावर पूर्ण पैसे मागितले तर देऊ नका. फसवणूक झालीच तर लगेच १९३०वर फोन करा, जितका लवकर कराल तितकी पैसे अडवले जाण्याची आशा जास्त.

७. तारखा

हे बाहेरच्यांना कुणी सांगत नाही. ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण दिनी चैत्यभूमीवर लाखो लोक येतात. त्या आधीचे दोन-तीन दिवस दादरला खोली मिळणं अवघड, आणि सगळा भाग माणसांनी भरलेला असतो. अभिवादनाला येणाऱ्यांनी खूप आधी ठरवावं, दुसऱ्या कामाला येणाऱ्यांनी शक्य तर तारीख बदलावी. गणपतीत लालबाग-परळ रात्रभर जागं असतं. दर्शनाला येणाऱ्याला ते सुखाचं, रुग्णाला आणि परीक्षार्थीला अजिबात नाही. जानेवारीत मॅरेथॉनच्या रविवारी सकाळी दक्षिण मुंबईतले रस्ते बंद असतात. विधिमंडळाचं अधिवेशन मुंबईत असलं की फोर्ट-चर्चगेटकडे गर्दी वाढते. एरवीही रविवारी रेल्वेचा मेगाब्लॉक असतो, म्हणजे दुरुस्तीसाठी काही तास गाड्या बंद किंवा कमी असतात, तेव्हा रविवारची परीक्षा असेल तर केंद्राच्या चालत अंतरावरच राहा.

जून ते सप्टेंबर तळमजल्याची खोली घेऊ नका. हिंदमाता, किंग्ज सर्कल, शीव, अंधेरीचा सबवे इथे जोराच्या पावसात पाणी साचतं. अशा दिवशी लोकल बंद पडली तर पायी जाता येईल अशी खोली हवी.

८. खोली बघितल्याशिवाय रजिस्टरवर सही करू नका

मोठी बॅग खाली ठेवा, एक माणूस बॅगांपाशी थांबू दे, दुसऱ्याने वर जाऊन खोली बघावी. यात कुणाला वाईट वाटत नाही, मॅनेजर स्वतःच किल्ली देतो.

गादीवरची चादर कोपऱ्यातून उचला आणि शिवणीत बघा. काळे बारीक ठिपके दिसले तर ढेकूण आहेत, सरळ दुसरी खोली मागा. नळ सोडा, संडासाचं फ्लश चालवून बघा, गिझरचा दिवा लागतो का बघा. दाराला आतून कडी आहे का, खिडकी नीट लागते का? एसी लावून पाच मिनिटं थांबा. मग बाहेर येऊन जिना कुठे आहे ते बघून ठेवा, लिफ्टशिवाय खाली उतरता आलं पाहिजे. रस्त्याकडच्या खोलीत उजेड-वारा असतो पण आवाजही असतो. झोप हलकी असणाऱ्यांनी मागची खोली मागावी, खिडकी असेल तर.

ओळखपत्र प्रत्येक प्रौढ माणसाचं लागतं. आधारची झेरॉक्स द्यायची तर मास्क्ड आधार डाउनलोड करून न्या, त्यावर शेवटचे चारच आकडे दिसतात. मूळ कार्ड काउंटरवर ठेवून देऊ नका, दाखवून परत घ्या. डिपॉझिट दिलं तर पावती घ्या. मुंबईचाच पत्ता असलेल्यांना काही लॉज खोली देत नाहीत. पाहुण्यांबरोबर मुंबईतला नातेवाईक थांबणार असेल तर हे आधीच बोलून घ्या.

स्टेशनबाहेर "खोली पाहिजे का?" म्हणत मागे लागणाऱ्यांबरोबर जाऊ नका. त्यांचं कमिशन तुमच्या भाड्यात धरलेलं असतं. "ते हॉटेल बंद झालं, दुसरीकडे नेतो" असं टॅक्सीत कुणी म्हटलं तर तिथूनच हॉटेलला फोन लावा.

खाण्याचं हॉटेलात ठरवू नका. नाश्ता भाड्यात धरलेला असेल तर तो वगळून दर विचारा. दादर पश्चिमेला आस्वाद आणि प्रकाश ही उपाहारगृहं आहेत, स्टेशनजवळ मामा काणे यांचं आहे, आणि साध्या खानावळी, उडपी हॉटेलं तर प्रत्येक स्टेशनाबाहेर आहेत.

९. निघताना

आदल्या रात्रीच बिल करून मागा. सकाळी सहाला काउंटरवरचा माणूस अर्धवट झोपेत असतो आणि हिशोब चुकतो. चेक-आउटनंतर दिवसभर काम असेल आणि गाडी रात्रीची असेल तर बॅगा लॉजवर ठेवू देतात का विचारा. नाहीतर सीएसएमटी, दादर, मुंबई सेंट्रलला क्लोकरूम आहे. तिथे रेल्वेचं तिकीट दाखवावं लागतं आणि कुलूप नसलेली बॅग घेत नाहीत, म्हणून घरून निघतानाच प्रत्येक बॅगेला लहान कुलूप लावा.

आणि सीएसएमटीहून रात्रीची गाडी असेल तर टॅक्सीवाल्याला नुसतं "सीएसएमटी" सांगू नका. फलाट १ ते ७ लोकलचे, ८ ते १८ बाहेरगावच्या गाड्यांचे. पी. डिमेलो रोडच्या बाजूने आत शिरलात तर १८ नंबर समोरच लागतो. पुढच्या बाजूने गेलात तर लोकलच्या गर्दीतून बॅगा ओढत सगळं स्टेशन ओलांडावं लागतं. मामींना मी हे दर वेळी फोन करून सांगते, आणि अर्धा तास आधी निघायला सांगते.